शिकारखान्यापासून नंदनवनापर्यंत

नोकरीनिमित्त परमुलुखात राहणाऱ्या मनुष्याचा आपल्या माणसांशी चालणारा व्यवहार पूर्वीपासून दोन साधनांवर अवलंबून राहिला आहे: पत्र आणि चित्र. पत्रातून तो आपले क्षेमकुशल कळवितो. चित्रातून तो ज्या मुलुखात राहतो तो मुलूख दाखवितो. आजही बदली होऊन रायपुरास आलेले मराठी कुटुंब गोल बाजारातून भांडीकुंडी, धान्यधुन्य घेऊन स्थिरस्थावर झाले, की एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुलांना नवा रायपूर येथील नंदनवन जंगल सफारीत घेऊन जाते. तेथील वाघ, सिंह, अस्वल यांची मोबाइलवर घेतलेली चित्रफीत त्याच रात्री साताऱ्यास किंवा अमरावतीस आजी-आजोबांच्या हाती पोहोचते. हा प्रकार अगदी नवा वाटतो. परंतु पिंजऱ्यातील प्राण्याचे चित्र दूरच्या माणसासाठी काढण्याची रीत आपल्याकडे सव्वादोनशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिचा इतिहास पाहिला म्हणजे आपल्या हातातील यंत्राने काय करावे, काय करू नये, याचाही थोडाबहुत उलगडा होतो.

आरंभ पुण्यापासून करावा लागतो. सवाई माधवराव पेशव्यांना प्राण्यांचा मोठा षोक होता. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना होता आणि तेथे वाघ-सिंहांबरोबर गेंडाही पाळलेला होता. त्या काळी इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पेशव्यांच्या दरबारी होता. मॅलेट हाही एका अर्थी बदलीवर आलेला अधिकारीच. मायदेश हजारो कोस दूर. त्याने गंगाराम चिंतामण तांबट या पुण्याच्या चित्रकाराकडून वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढून घेतली, आणि याच गंगारामाने पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचेही चित्र काढले. ते नोव्हेंबर १७९० मधील आहे. पुढे ते समुद्रापार गेले, आणि आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात जतन केलेले आहे.

याच मॅलेटने पेशव्यांच्या काळविटांचे एक वर्णन लिहून ठेवले आहे. वाद्यांचा नाद ऐकून काळवीट कळपातून बाहेर येत, झोपाळ्यावर उभे राहत आणि गाणे चालू असेपर्यंत झोके घेत. परक्या पाहुण्यास यापेक्षा मनोहर दृश्य कोणते? पण येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. गंगारामाने चितारलेला गेंडा केवळ गेंडा आहे. तो आपल्यासाठी काही करून दाखवीत नाही. झोपाळ्यावरचे काळवीट मात्र राजाच्या मर्जीचे दर्शन घडवितात. काळविटाच्या स्वभावाचे नव्हे. बंदिवान प्राण्याच्या चित्राचे हे दोन मार्ग तेव्हाच फुटले होते, आणि पुढील सर्व इतिहास या दोन मार्गांचाच आहे.

त्या सुमारास रायपूर आणि रतनपूर हा सारा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. १७८७ साली बिंबाजी भोसले वारले आणि त्यानंतर सुभेदारांमार्फत कारभार चालू लागला. म्हणजे नागपुराहून छत्तीसगडात बदलून येणाऱ्या मराठी कारकुना-कामगारांची परंपराही शिकारखान्याच्या चित्राइतकीच जुनी आहे. भोसल्यांच्याच बागेत, नागपूरच्या महाराजबागेत, १८९४ साली प्राणिसंग्रहालय सुरू झाले. १९५६ पर्यंत नागपूर हीच प्रांताची राजधानी असल्यामुळे कचेरीच्या कामानिमित्त तेथे जाणाऱ्या रायपूरकरांना ते परके नव्हते.

महाराजबागेनंतर दोनच वर्षांनी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविण्यात आली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील सिंहाचे हलते चित्रही याच बंधूंच्या माणसांनी त्याच काळात घेतले. प्राण्याला प्रत्यक्ष न भेटता त्याची हालचाल पाहण्याची सोय जगाला येथपासून झाली. आपल्याकडे हा छंद ज्याने आपलासा केला तो हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, लोकांचा सावेदादा. छायाचित्रणाचा व्यवसाय करणाऱ्या या मराठी गृहस्थाने विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचा सामना टिपला. त्याच सुमाराचे त्याचे दुसरे चित्र माकडांना खेळ शिकविणाऱ्या माणसाचे होते. भारतीय माणसाने घेतलेल्या अगदी पहिल्या चलच्चित्रांत प्राणी आहे, आणि तो खेळ करणारा प्राणी आहे, ही गोष्ट योगायोगाची नव्हे. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली आपली सर्कस उभी केल्यापासून मराठी प्रेक्षकांना प्राणी पाहणे म्हणजे प्राण्यांचे खेळ पाहणे असेच वाटू लागले होते. काळविटांचा झोपाळा आता तंबूत आला होता, आणि तंबूतून पडद्यावर.

या मार्गाचा शेवट व्हावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली. १४ ऑक्टोबर १९९८ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांना खेळ शिकविण्यास व त्यांचे खेळ दाखविण्यास बंदी केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ती कायम ठेवली. त्याआधी १९९२ साली प्राणिसंग्रहालयांवर देखरेख करणारे केंद्रीय प्राधिकरण स्थापन झाले होते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३८ जे या कलमाने प्राणिसंग्रहालयातील प्राण्यास चिडविणे, खाऊ घालणे, गोंगाट करून त्रास देणे हा अपराध ठरविला. झोपलेला वाघ चित्रफितीत उठून दिसावा म्हणून जाळी वाजविणाऱ्या हौशी प्रेक्षकाने हे कलम अवश्य वाचावे. जुन्या दरबारातील वाद्यांचे काम आता आपण टाळ्यांनी आणि शिट्यांनी करू लागलो, तर मधल्या दोन शतकांत आपण शिकलो ते काय?

रायपूरची नंदनवन जंगल सफारी या नव्या विचाराच्या काळातील आहे. १ नोव्हेंबर २०१६ रोजी, छत्तीसगडच्या राज्यस्थापना दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले, आणि त्या प्रसंगी त्यांनी स्वतः कॅमेरा हाती घेऊन वाघाचे छायाचित्र टिपले. येथे प्राणी विस्तीर्ण कुंपणात मोकळा, आणि माणूस गाडीत बंद. चित्र काढणाऱ्याला यात गैरसोय पुष्कळ. वाघ झाडीआड असेल तर झाडीच दिसावयाची. पण ती झाडी हेच त्या वाघाचे खरे वर्तमान होय. आजोबांना पाठवावयाच्या चित्रफितीत तीही येऊ द्यावी.

चित्राची दुसरी मर्यादाही रायपूरनेच दाखवून दिली आहे. रानम्हैस, येथील भाषेत वनभैंसा, हा छत्तीसगडचा राज्यप्राणी; उदंतीच्या रानातील थोड्याच जनावरांवर त्याची भिस्त राहिलेली. तेथील आशा नावाच्या म्हशीच्या पेशींपासून कर्नालच्या राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेत १२ डिसेंबर २०१४ रोजी कृत्रिम रीतीने एक रेडी जन्मास आली. तिचे नाव दीपआशा. पुढे तिला रायपूरच्या जंगल सफारीत आणण्यात आले. ती मोठी झाल्यावर, ही खरोखर रानम्हैस आहे की मुऱ्हा जातीची पाळीव म्हैस, असा प्रश्न वन्यजीवप्रेमींनी जाहीरपणे उपस्थित केला. चित्र म्हैस दाखविते. ती कोण, कोठली आणि कशी झाली हे चित्र सांगत नाही. गोल बाजारात तांदूळ घेणारी गृहिणी मूठभर दाणे तळहातावर घेऊन पारखते आणि वाण कोणता हे दुकानदाराला विचारते. चित्रालाही असा प्रश्न विचारणारा गिऱ्हाईक हवा, आणि त्याचे उत्तर देणारा शब्द चित्राबरोबर हवा.

२०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे जगभरची प्राणिसंग्रहालये बंद झाली, तेव्हा या शब्दाचे मोल कळले. अमेरिकेतील सिनसिनाटी येथील संग्रहालयाने दररोज एकेका प्राण्याची चित्रफीत घरोघर पोहोचविण्यास प्रारंभ केला. पहिला मान फियोना या पाणघोड्याच्या मादीचा होता. त्या चित्रफितींत रखवालदारही समोर येत. प्राणी काय खातो, त्याची निगा कशी ठेवली जाते, हे सांगत. आजवरच्या प्राणिचित्रांत रखवालदार बहुधा चौकटीबाहेर राहिलेला; पेशव्यांच्या गेंड्याला चारा घालणाऱ्याचे नाव आज आपल्यापाशी नाही. मे २०२१ मध्ये हैदराबादच्या संग्रहालयातील आठ सिंहांना माणसांचीच साथ जडल्याचे निष्पन्न झाले, तेव्हा पिंजऱ्याजवळ रोज जाणाऱ्या या माणसाची आणि सिंहाची प्रकृती एकमेकींत किती गुंतलेली आहे, हे सर्वांच्या प्रत्ययास आले.

मग रायपुरातल्या मराठी अधिकाऱ्याने, किंवा त्याच्या घरच्या चुणचुणीत मुलाने, नंदनवनाची चित्रफीत करावी ती कशी? प्राण्याचे नाव मराठीत सांगावे आणि छत्तीसगडीतही सांगावे. वनभैंसा आणि पहाडी मैना या शब्दांनी आपले राहणे या मातीशी जोडले जाते. कुंपण चौकटीबाहेर ढकलू नये. प्राणी किती जागेत राहतो हे पाहणाऱ्यास कळू द्यावे. रखवालदाराची संमती असेल तर त्यालाही बोलू द्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्थळ आणि दिनांक उच्चारून ठेवावा.

शेवटची सूचना क्षुल्लक वाटेल. इतिहासाच्या दृष्टीने तीच मुख्य आहे. सावेदादाची माकडे ज्या फितीवर नाचली ती आज पाहावयास मिळत नाही. तिच्याहून शतकभर जुना, कागदावरचा गेंडा मात्र जसाच्या तसा उभा आहे. आणि तो कोणाचा, कोठला, कधीचा हे चित्राबरोबरच्या नोंदीमुळे आज आपण सांगू शकतो. तेवढ्या दोन-चार शब्दांवर पेशव्यांच्या शिकारखान्याचा एक दिवस काळाच्या हातून सुटला आहे. मोबाइल बदलताना रायपूरच्या मुक्कामातील चित्रफिती आपण पुसून टाकतो, तेव्हा एका अधिकाऱ्याच्या गेंड्याने केलेला हा प्रवास आठवावा, आणि निदान एक तरी चित्रफीत नाव-गाव-तारखेसह नातवंडांसाठी बाजूला काढून ठेवावी.