मासळीची पाटी आणि नऊ होल

स्कॉटलंडमध्ये एकटी फिरताना गोल्फ खेळायची हुक्की आली, तेव्हा अर्थातच आधी सेंट अँड्र्यूज आठवलं. तिथली फी पाहिली आणि गुपचूप एडिनबराजवळच्या मसलबराला गेले. जागा अनोळखी, गोल्फ स्टिक भाड्याच्या. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात मधोमध नऊ होल, आणि फी खिशाला परवडणारी.

या साध्याशा मैदानावर १६७२ साली गोल्फ खेळल्याची नोंद आहे. १८७४ ते १८८९ या काळात ‘द ओपन’ इथे सहा वेळा झाली. आज जगभर चेंडू ज्या सव्वाचार इंची खड्ड्यात पडतो, ते मापही इथल्याच १८२९ च्या हत्याराचं.

मला मात्र दुसरीच नोंद आवडते. डिसेंबर १८१० मध्ये इथल्या क्लबने ठरवलं, की १ जानेवारीला गावातल्या मासे विकणाऱ्या बायकांची स्पर्धा घ्यायची. म्हणजे तिथल्या कोळणीच. बक्षीस काय, तर मासळीची नवी पाटी, शाल आणि रेशमी रुमाल. (पाटी! जिंकलात, आता चला धंद्यावर.)

पुढे नऊ होलवर गर्दी मावेना. इथे खेळणाऱ्या एडिनबराच्या मातब्बर मंडळींनी १८९१ मध्ये म्युरफील्डला स्वतःचा कोर्स काढला. पुढच्याच वर्षी ओपनही तिकडे गेली. त्यांच्या क्लबने बायकांना सदस्य करून घ्यायला होकार दिला, तो २०१७ मध्ये.

मसलबराला पहिल्या होलवर उभी राहिले, तेव्हा सोबत कोण आहे, असं मला कुणीही विचारलं नाही. माझा पहिला फटका किती लांब गेला, हे तुम्हीही विचारू नका.