झाशीच्या वाटेवर महाश्वेतादेवी

मागच्या कार्यक्रमानंतर एका ताईंनी मला विचारलं होतं, "इतिहासाच्या कादंबऱ्या लिहिणारी माणसं एवढं सगळं आणतात कुठून? ती काय तेव्हा तिथं होती?" प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून आज बंगाली लेखिका महाश्वेतादेवी यांच्याविषयी बोलू या. त्यांचं पहिलं पुस्तक आपल्या झाशीच्या राणीवर आहे.

महाश्वेतादेवींचा जन्म १९२६ सालचा, ढाक्याचा. घरात सगळे लिहिणारे-वाचणारे. नवरा बिजन भट्टाचार्य, मोठे नाटककार, पण कम्युनिस्ट विचारांचे. त्या संशयावरून महाश्वेतादेवींची टपाल-तार खात्यातली सरकारी नोकरी गेली. मग शिकवण्या घेतल्या, किरकोळ वस्तू विकल्या. त्या काळात काही दिवस त्या मुंबईत मामांकडं राहिल्या. तिथं १८५७ च्या उठावावरची पुस्तकं हाती लागली आणि राणी लक्ष्मीबाई डोक्यात जाऊन बसली.

आधी त्यांनी सगळ्यांसारखंच केलं. ग्रंथालयात बसून पुस्तकं वाचली, टिपणं काढली, लिहायला घेतलं. सांगतात की चारशेच्या आसपास पानं झाली होती. पण वाचताना त्यांचंच मन भरेना. बहुतेक कागद इंग्रज साहेबांनी लिहिलेले. त्यात लढाईच्या तारखा होत्या, तोफा होत्या, पण झाशीच्या माणसांना राणी कशी वाटायची ते कुठं नव्हतं. त्यांनी ती पानं फाडून टाकली आणि झाशीची गाडी धरली.

हातानं भरलेली चारशे पानं, बायांनो! माझी ठरावाची दोन पानं फाटली तर मी दिवसभर चिडचिड करते.

तेव्हा त्यांचा मुलगा नबारुण जेमतेम सहा वर्षांचा होता. त्याला वडिलांजवळ ठेवून त्या एकट्या गेल्या. सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. शेजारीपाजारी काय बोलले असतील, ते तुम्हाला मी सांगायला नको. पुढं काही वर्षांनी तो संसार मोडला आणि मुलगा वडिलांकडं राहिला. झाशीला गेल्यामुळं तसं झालं असं मी म्हणणार नाही. पण पुस्तकाचं कौतुक करताना हे झाकून ठेवणंही मला पटत नाही.

झाशी, ग्वाल्हेर, काल्पी असा तो भाग त्यांनी पालथा घातला. राणीचं माहेर तांब्यांचं. त्या घराण्यातले गोविंद चिंतामणी तांबे यांनी त्यांना माहिती पुरवली. पण मला खरी मोलाची वाटते ती खेड्यांतली माहिती. शेकोटीशी बसलेली म्हातारी माणसं, गाणी म्हणणाऱ्या बाया यांच्याजवळ बसून त्यांनी ऐकून घेतलं. राणीनं मातीतून फौज उभी केली असं गाणं तिथं होतं. राणी मेलीच नाही, ती अजून डोंगरात आहे, असं म्हणणारेही भेटले.

आता राणीला जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ मरण आलं, हे कागदोपत्री पक्कं आहे. मग या बोलण्याचं काय करायचं? दुसऱ्या कुणी अडाण्यांच्या गप्पा म्हणून सोडून दिलं असतं. महाश्वेतादेवींनी कागदही घेतला आणि गाणंही घेतलं. राणी कुठं पडली ते कागद सांगतो. ती लोकांना इतकी का हवीशी होती, ते गाण्यातूनच कळतं. 'झाँसीर रानी' हे पुस्तक १९५६ साली छापून आलं.

ही सवय पुढंही राहिली. बिरसा मुंडांवरची 'अरण्येर अधिकार' लिहिताना त्यांनी कुमार सुरेश सिंह या अभ्यासकाचं काम आधार म्हणून घेतलं, आणि आदिवासी मुलखात स्वतः पायपीटही केली. त्या कादंबरीला १९७९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कॉलेजात इंग्रजी शिकवायचं, लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, सरकारी कचेऱ्यांना पत्रं पाठवायची आणि त्यातूनच कादंबऱ्या लिहायच्या, असा त्यांचा दिवस असे. वडिलांचं 'बर्तिका' नावाचं त्रैमासिक हाती आल्यावर त्यांनी शेतमजुरांना, रिक्षा ओढणाऱ्यांना सांगितलं, तुमचं तुम्हीच लिहा. मनोरंजन ब्यापारी हे त्यातलेच एक. त्यांच्या रिक्षात महाश्वेतादेवी बसल्या होत्या आणि त्यांनी एका अवघड शब्दाचा अर्थ विचारला, तिथून ओळख झाली. आज ते बंगालीतले नावाजलेले लेखक आहेत.

हे सगळं वाचल्यावर मी आमच्या गटातल्या एका आजींकडं गेले. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी तळ्याच्या कामावर खडी फोडलेली आहे. मी म्हटलं, आजी, सांगा ना. त्या म्हणाल्या, "त्यात काय सांगायचं? समद्यांनीच फोडली." मग सुकडीवर आल्या, मुकादमाच्या हजेरीवर आल्या, दगडाच्या आडोशाला झोळीत निजवलेल्या लेकरावर आल्या आणि तिथं थांबल्या. मीही पुढं विचारलं नाही.

गुरुवारच्या बैठकीत कर्जहप्त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर मी चार ओळी लिहिल्या आणि आजींना वाचून दाखवल्या. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाल्या, "तळ्याचं नाव चुकलंय. खोड ते."