वाहन-रिकॉल

गाडीत किंवा तिच्या सुट्या भागात निर्मितीपासूनच असलेला, सुरक्षिततेला बाधक असा दोष आढळल्यावर उत्पादक ठरावीक काळात बनलेल्या गाड्या मालकांकडून मागवून तो विनामूल्य दूर करतो. या व्यवहाराला रिकॉल म्हणतात. ‘गाड्या परत मागवल्या’ हा वृत्तपत्री मथळा थोडा फसवाच. गाडी कारखान्यात जात नाही. अधिकृत वर्कशॉपमध्ये भाग बदलून घरी येते. वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने २०१२ मध्ये यासाठी ऐच्छिक संहिता केली. पुढे २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) कायद्याने कलम ११०-अ आणले. दोष प्रवाशांना, पादचाऱ्यांना वा पर्यावरणाला घातक असेल आणि तो ठरावीक प्रमाणातील मालकांनी, चाचणी संस्थेने किंवा इतर कोणी कळवला असेल, तर केंद्र सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकते. १ एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांनुसार ही सक्ती सात वर्षांच्या आतील गाड्यांपुरती आहे.

जबाबदारी उत्पादकाची, हे कायद्याने ठरले. पण निरोप पोहोचेल याची हमी कायदा देऊ शकत नाही, म्हणून शोध मालकालाच घ्यावा लागतो. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगमार्ग जून २०२१ मध्ये सुरू झाला. चाचण्या तिथे कितीही कसून होवोत, काही दोष काळच उघडे पाडतो. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधील अमोनियम नायट्रेट उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षे खराब होत गेले आणि अपघाताच्या वेळी बॅग फुगवणारी डबीच फुटून धातूचे तुकडे उडू लागले. होंडाने जानेवारी २०१८ मध्ये भारतात याच कारणासाठी २२,८३४ गाड्या मागवल्या; त्या २०१३ च्या होत्या. पाच वर्षांत गाडी सहज हात बदलते. पुण्यात घेतलेली गाडी एनओसी काढून इंदूरला येते, एमपी-०९ क्रमांक घेते, आरटीओत नवे नाव चढते. कंपनीच्या वहीत मात्र पहिल्याच मालकाचा फोन राहू शकतो. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा वर्कशॉपमध्ये आरसीवरचा चासी क्रमांक देऊन रिकॉल बाकी आहे का ते विचारावे, आणि आपला नंबर नोंदवून यावे. नोंदणी क्रमांक बदलतो, चासी क्रमांक बदलत नाही.

‘गाडी तर लोण्यासारखी चालते’ हा आक्षेप इथे लागू पडत नाही. एअरबॅग रोज वापरली जात नाही. ती बिघडली आहे हे चालवून कळणारच नाही. मारुतीने जानेवारी २०२३ मध्ये एअरबॅग कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या मागवल्या, तेव्हा भाग बदलेपर्यंत गाडी न चालवण्याचाच सल्ला दिला होता. अशा वेळी वर्कशॉपला फोन करून गाडी नेण्याची सोय मागणे रास्त आहे. ओळखीच्या मेकॅनिकवर भिस्त ठेवणाऱ्यांचे म्हणणे अधिक वजनदार आहे, कारण तो खरोखर गाडी ओळखतो. पण सदोष तुकडी कोणती, हे त्याला बाहेरून दिसत नाही. होंडाने ऑक्टोबर २०२४ मध्ये इंधन पंपासाठी ९०,४६८ गाड्या मागवल्या, त्यांच्या जोडीला जुन्या मॉडेलच्या २,२०४ गाड्याही तपासायला घेतल्या. त्यांत हाच पंप आधी सुटा भाग म्हणून बसवला गेला होता. म्हणजे दुरुस्तीतूनही दोष गाडीत शिरू शकतो. चूक कंपनीची, मग खेटे आम्ही का घालायचे, ही चीड मात्र खरी आहे. तिची योग्य जागा तक्रारीत आहे: वर्कशॉप टाळाटाळ करत असेल तर लेखी उत्तर मागावे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी. काम झाल्यावर मिळालेला जॉबकार्डाचा कागद आरसीबरोबर ठेवावा. गाडी विकताना तो पुढच्या मालकाला द्यायचा असतो.