आधी मांडणी, मग उत्तर: भेंडवळचा घट आणि टॅरोचे पत्ते

पेटच्या पेपरमध्ये 'संशोधन आराखडा म्हणजे काय' हा प्रश्न हमखास असतो आणि आपण पाठ केलेली व्याख्या लिहून मोकळे होतो. आज तीच गोष्ट टॅरोच्या वाटेने बघू. हसू नका, पुढे वाचा.

टॅरो बघणाऱ्यांमध्ये एक नेहमीचा वाद असतो. रोजच्यासाठी मांडणी कोणती घ्यावी? एकच पत्ता, काल-आज-उद्या असे तीन पत्ते, की दहा पत्त्यांची ती प्रसिद्ध 'केल्टिक क्रॉस'? पत्त्यांना भविष्य कळतं का यावर माझं मत तुम्हाला ठाऊक असेलच, सायन्सवाला आहे मी. पण पत्ता उचलायच्या आधीच उत्तर कुठल्या कप्प्यात पडणार हे मांडणीने ठरवून टाकलेलं असतं, आणि संशोधन करणाऱ्याने नेमकं तिथेच बघायला हवं.

आपल्या विदर्भात अशी एक मांडणी दरवर्षी होते आणि तिचं नावच 'घटमांडणी' आहे. बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचं गाव आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथे शेतात गोल घट आखतात आणि कडेने अठरा प्रकारचं धान्य मांडतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं असतात, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यावर पाण्याने भरलेली घागर. मग पुरी, पापड, वडा, करंजी असे पदार्थ. पुरी म्हणजे पृथ्वी, करंजी म्हणजे देशाची तिजोरी. पानावर सुपारी ठेवतात, ती राजा. रात्रभर तिथे कोणी जात नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे वाघ घराण्यातली मंडळी पाहणी करतात. कुठलं ढेकूळ किती भिजलं, कुठलं धान्य जागचं हललं, सुपारी सरकली का, यावरून पाऊसपाणी, पीक आणि राजकारणाचं भाकीत सांगतात. ही परंपरा चंद्रभान महाराजांनी तीनेकशे वर्षांपूर्वी सुरू केली असं सांगितलं जातं. ऐकायला दूरदूरचे शेतकरी येतात, आणि त्यांच्यासाठी हा खेळ नसतो. बियाण्याचे पैसे उभे करायचे दिवस तोंडावर आलेले असतात.

संशोधकाच्या नजरेने बघाल तर या मांडणीत दोन गोष्टी चोख आहेत. ती आदल्या संध्याकाळी पक्की होते आणि सकाळी कुणी ती बदलत नाही. आणि भाकीत चारचौघांत सांगितलं जातं, दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं. कच्चा दुवा उत्तराच्या शब्दांत आहे. 'साधारण', 'कमी-जास्त', 'लहरी'. साधारण पाऊस म्हणजे किती मिलिमीटर? हवामान खातं दीर्घकालीन सरासरीच्या इतके टक्के आणि इतकी चूक शक्य, असं आकड्यात सांगतं. त्यामुळे त्याचा अंदाज चुकला की तो सगळ्यांना दिसतो. 'साधारण' चुकलं हे ठरवायचं कोणी?

आता टॅरोकडे या. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हा पत्त्यांचा साधा डाव म्हणून सुरू झाला. ७८ पत्ते, त्यातले २२ हुकमाच्या कामाचे. पुढची तीनेकशे वर्षं लोक तो मुख्यतः खेळतच होते. १७८१ मध्ये पॅरिसच्या कूर द जेबलँ यांनी लिहून टाकलं की ही प्राचीन इजिप्तची ज्ञानपोथी आहे. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती; शाम्पोलियोंनी ती उलगडली १८२२ मध्ये. म्हणजे दावा आधी आणि पुरावा तपासायची सोय चाळीस वर्षांनी! तोवर एतेया या पॅरिसच्याच भविष्यवाल्याने पत्त्यांचे अर्थ आणि मांडण्या छापून धंदाही उभा केला होता.

आजचा लोकप्रिय संच १९०९ चा, लंडनचा. चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची, कल्पना ए. ई. वेट यांची. केल्टिक क्रॉस वेट यांच्याच पुस्तकातून सगळीकडे पोचली, आणि त्यांनी तिला 'प्राचीन केल्टिक पद्धत' म्हटलं. पंधराव्या शतकात जन्मलेल्या पत्त्यांची प्राचीन केल्टिक पद्धत कशी असेल, हा प्रश्न वाचणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना पडला. ही सगळी कहाणी सनावळीनिशी निस्तरली ती मायकल डमेट यांनी, १९८० मध्ये. ऑक्सफर्डचा तर्कशास्त्राचा माणूस, पण पत्त्यांच्या डावांचे नियम जमवत बसला. मला ते पुस्तक संशोधनाचा धडा म्हणून फार आवडतं.

त्या दहा जागांमधली नववी जागा बघा: 'आशा आणि भीती'. एकाच कप्प्यात दोन्ही. पत्ता चांगला आला तर आशा, वाईट आला तर भीती. या कप्प्यात पडलेलं उत्तर चुकीचं ठरूच शकत नाही. तुमच्या प्रश्नावलीत असा एखादा प्रश्न आहे का, आत्ताच उघडून बघा.

थोडं गणित. तीन पत्ते क्रमाने मांडायचे तर ७८ × ७७ × ७६, म्हणजे ४,५६,४५६ मांडण्या होतात. एवढी विविधता बघून माणूस दबून जातो. पण समजा कुठलीही मांडणी तुम्हाला 'लागू पडल्यासारखी' वाटायची शक्यता निम्मी आहे. एक जमली नाही म्हणून दुसरी टाकली, मग तिसरी. तिन्ही फसण्याची शक्यता उरते १/८. म्हणजे ८७.५ टक्के वेळा काहीतरी 'खरं' निघणारच. प्रयोगशाळेत आपण हेच करतो. एक चाचणी लावली, जमलं नाही, दुसरी लावली, आणि जी जमली तीच प्रबंधात. गाईड विचारतात, "हीच टेस्ट का रे?" आणि आपण छताकडे बघतो.

हे टाळायचं कसं, याचा नमुना पुण्यात आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४०. कुठली कोणाची ते ओळखायचं. नाणं उडवलं तरी २० बरोबर येतील, म्हणून २८ किंवा जास्त आले तरच दखल घ्यायची, असा निकष होता. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के, सगळ्यात जास्त २४. निकाल २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. त्यातला ४६ हा आकडा सगळे सांगतात. तुम्ही २८ लक्षात ठेवा.

मग रोजच्यासाठी मांडणी कोणती? हॉस्टेलवर कोणी विचारलं तर मी सांगतो, एकच पत्ता. प्रश्न आधी कागदावर लिहायचा, तारीख टाकायची, पत्ता काढायचा, आणि कुठली गोष्ट घडली तर हे चुकलं म्हणायचं तेही पत्ता उलटायच्या आधीच. दुसरा पत्ता नाही. दोन महिन्यांत एकतर नाद सुटतो, नाहीतर चांगली डायरी तयार होते.

आणि विषय शोधत असाल तर एक घ्या. भेंडवळची भाकितं दरवर्षी पेपरात येतात, जुन्या फाइलींतून ती उतरवून काढता येतील. पावसाच्या नोंदींसाठी सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्रात रीतसर अर्ज करा. फक्त 'साधारण' म्हणजे किती ते अर्ज टाकायच्या आधी ठरवा आणि त्या कागदावर गाईडची तारखेसकट सही घ्या.