न प्यायलेले पाणी : महाडचे नाट्य आणि इतिहासनिष्ठा

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत हा अवर्षणप्रवण तालुका. (रायगडातील कर्जत निराळे.) काही वर्षांपूर्वी तेथे महाडच्या सत्याग्रहावरील एक हौशी एकांकिका पाहिली. नायक तळ्यात उतरतो, ओंजळ ओठांशी नेतो, जयघोष होतो आणि पडदा पडतो. प्रसंग खरा आहे : २० मार्च १९२७. परंतु मागच्या रांगेतील एका वृद्धाने शेजाऱ्याला विचारले, "मग तळं खुलं झालं का?"

झाले नव्हते. सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. म्हणजे कागदावर हक्क आधीच होता. ओंजळीनंतर परिषदेस आलेल्यांना मारहाण झाली, पंचगव्याने तळे 'शुद्ध' करण्यात आले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात हजारो लोक पुन्हा जमले, तेव्हा दिवाणी न्यायालयाचा मनाईहुकूम आडवा आलेला होता. २५ तारखेस मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याबाबत मात्र, तुरुंगात जाण्यास सिद्ध असलेल्या समुदायाला बाबासाहेबांनी थांबण्यास राजी केले. मिरवणूक तळ्याला वळसा घालून, पाण्याला न शिवता परतली. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल आला तो १७ मार्च १९३७ रोजी.

नाटकाला उत्कर्षबिंदू लागतो, इतिहासाला लागत नाही, असा युक्तिवाद अशा वेळी केला जातो. येथे तो टिकत नाही. ज्याने मार्चमध्ये स्वतः पहिली ओंजळ घेतली, त्यानेच डिसेंबरात आपल्या माणसांना पाण्यापासून मागे फिरवायचे, याहून मोठा नाट्यगर्भ संघर्ष कोणता? तो वगळल्याने केवळ इतिहास अपुरा राहिला असे नाही. नायकाची व्यक्तिरेखाही सपाट झाली. पूजेची मूर्ती निर्णयाच्या पेचात सापडत नसते.

प्रेमानंद गज्वी यांच्या 'घोटभर पाणी' (१९७७) या एकांकिकेकडे हा हिशोब मागता येणार नाही. ती विशिष्ट ऐतिहासिक घटनेचे चित्रण करण्याची जबाबदारी पत्करतच नाही. तिचे सत्य अनुभवाचे आहे. 'महाड' हे नाव घेणारा लेखक मात्र तेथील प्रत्यक्ष माणसांशी बांधला जातो. त्याने तारखांची जंत्री रंगमंचावर मांडावी, असे माझे म्हणणे नाही. त्याने संवाद कल्पावेत, दोन प्रसंग एकत्र करावेत. पण पराभव विजयात मिसळून टाकू नये. डिसेंबरातील ती मिरवणूक दाखवण्यास फार साहित्यही लागत नाही : काही नट, मध्ये तळ्याची मोकळी जागा आणि तिच्याभोवतीचा एक संथ फेरा.