चूक कोणाची, हे सांगणारा आकडा

कामठीहून नदीवरचा पूल ओलांडला की कन्हान लागते. कोळसा खाणींच्या या गावातही शिष्यवृत्तीचा अर्ज, दाखला, निकाल हे सगळे आता संगणकाच्या पडद्यावरून जाते. शेवटच्या तारखेला पडद्यावर ‘500 इंटर्नल सर्व्हर एरर’ एवढेच उमटले, तर घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेली मुलगी काय समजेल? बहुधा हेच, की आपलेच काहीतरी चुकले. तो आकडा मात्र नेमके उलटे सांगत असतो.

1991 मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी ‘सर्न’ या संशोधन संस्थेत वेबचे पहिले नियम आखले. त्यात चुकीसाठी वेगळी खूण नव्हती. चुकीचा निरोपही साध्या पानासारखाच यायचा. तो वाचल्यावरच काय बिघडले ते कळायचे. पुढच्याच वर्षीच्या मसुद्यात तीन अंकी आकडे आले. 4 ने सुरू होणारा आकडा म्हणजे मागणाऱ्याकडून काही चुकलेले दिसते. 5 ने सुरू होणारा म्हणजे सर्व्हर आपली चूक कबूल करतो. 1996 च्या एचटीटीपी 1.0 च्या दस्तऐवजातही हीच विभागणी आहे. 404 म्हणजे पान सापडले नाही, 403 म्हणजे परवानगी नाही, 503 म्हणजे सेवा सध्या बंद.

आकडा प्रामाणिक होता, पण सोबतचे वाक्य तसे नव्हते. 1995 मध्ये सुरू झालेला ‘अपाची’ हा जगातल्या सर्वाधिक वापरल्या गेलेल्या वेब सर्व्हरांपैकी एक. त्याच्या जुन्या 500 च्या संदेशात वापरकर्त्याला सांगितले जाई, की व्यवस्थापकाला चुकीची वेळ कळवा आणि ती चूक घडेल असे तुम्ही काही केले असेल तर तेही कळवा. दोष सर्व्हरचा, जबानी मात्र गिऱ्हाइकाची! 2012 मध्ये आलेल्या 2.4 मालिकेत हे वाक्य बदलले. आता चुकीची वेळ आणि तिच्या आधी तुम्ही काय करत होता, एवढेच विचारले जाते. बदल थोड्याच शब्दांचा, पण त्यातून आरोप गेला.

दुसरा प्रश्न भाषेचा. 2002 च्या अपाची 2.0 पासून चुकीचे संदेश अनेक भाषांत मिळू लागले. जर्मन, फ्रेंच, जपानी, कोरियन भाषिकांसाठी तयार मजकूर सोबतच येतो. मराठी, हिंदी, उर्दू त्या यादीत नाहीत. मनाई कोणी केलेली नाही. हा प्रकल्प खुला आहे. ज्यांच्या भाषेत कोणी बसून लिहिले, त्यांची भाषा आत गेली. आपल्याकडून कोणी लिहिले नाही.

त्यासाठी थांबण्याचीही गरज नाही. ‘एररडॉक्युमेंट’ नावाची एक ओळ सेटिंगमध्ये लिहिली, की कोणतेही संकेतस्थळ आपल्या शब्दांत संदेश दाखवू शकते. “बिघाड आमच्याकडे आहे, तुमची चूक नाही. तासाभराने पुन्हा प्रयत्न करा.” अर्ज जतन झाला असेल तर तेही सांगावे. 503 सोबत पुन्हा केव्हा यायचे हे कळवण्याची सोयही नियमांतच आहे.

खिडकीवरचा कारकून “आज होणार नाही” म्हणाला, तर आपण कारण विचारतो, उद्याची वेळ मागतो. पडद्याशी तसे भांडता येत नाही. म्हणून पडद्यानेच आधी नीट बोलायला हवे, आणि समोरच्याला कळेल अशा भाषेत. तोवर एवढे तरी आपल्या मुलांना सांगून ठेवूया: आकडा 5 ने सुरू झाला, तर चूक तुमची नाही.