शिवार आणि कारखाना

दिल्लीच्या दक्षिणेस असलेले मुनिरका आज दाट वस्तीत बुडून गेले आहे. त्याच्या अरुंद गल्ल्यांतून जाणाऱ्यास येथे एके काळी जाट शेतकऱ्यांचे शिवार होते हे सांगूनही पटणार नाही. राजधानीच्या विस्तारासाठी सुमारे ३४,००० एकर जमीन संपादन करण्याची अधिसूचना नोव्हेंबर १९५९ मध्ये निघाली. त्या सुमारास आणि त्यानंतरच्या वर्षांत दिल्लीभोवतालच्या कितीतरी खेड्यांची शेते सरकारकडे गेली. मुनिरका व त्याच्या शेजारची खेडी यांच्या जुन्या शिवारांवर आज रामकृष्णपुरम आहे, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आहे. लाल डोऱ्याच्या आतली घरे तेवढी ग्रामस्थांपाशी राहिली. मोबदला ज्याचा त्याने घेतला, मजल्यांवर मजले चढवले आणि भाडेकरू ठेवले. याबद्दल कोणी त्यांस दोष देऊ नये. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग कोणी ठेवलाच नव्हता. परंतु दिल्लीत राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींस हे गाव पाहून आपल्याकडची एक हकीकत आठवते. तीही जवळजवळ त्याच काळातली आहे आणि तिच्या मुळाशीही जमीन कोणाच्या हाती राहावी हाच प्रश्न होता. ती हकीकत प्रवराकाठची.

तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांना बारमाही पाणी आले. दुष्काळाच्या मुलखात आलेले हे पाणी सुखच घेऊन येईल अशी कोणाचीही समजूत व्हावी. प्रत्यक्षात पाण्याबरोबर ऊस आला, उसाबरोबर खर्च आला आणि खर्चाबरोबर सावकार आला. उसाचे पीक वर्ष-दीड वर्ष शेतात उभे राहते. तोवर पाणीपट्टी, खत, मजुरी यांसाठी कर्ज काढावे लागे. शेवटी गुऱ्हाळ लावून गूळ करावयाचा आणि अडत्याच्या पेढीवर नेऊन टाकावयाचा. तिथला भाव शेतकऱ्याच्या हाती कधीच नव्हता. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले तेव्हा कालव्याकाठचा बागायतदार कोरडवाहू शेतकऱ्यापेक्षाही खोल बुडाला. कोरडवाहूवाल्याचे पीक जात असे, बागायतदाराची जमीनच गहाण पडे.

याच वेळी साखरेचे दिवस मात्र पालटले. १९३२ साली सरकारने साखर उद्योगास जकातीचे संरक्षण दिले आणि देशात खासगी कारखाने भराभर उभे राहिले. प्रवरेच्या टापूत हरेगावची बेलापूर कंपनी त्याआधीपासूनच होती. कंपन्यांना ऊस हवा होता, पण तो शेतकऱ्याकडून विकत घेण्यापेक्षा त्याची जमीनच दीर्घ मुदतीच्या खंडाने घेऊन स्वतः पिकवणे त्यांना सोयीचे वाटे. कर्जाने गांजलेल्या माणसाला ठरलेला खंड मोठा आधार वाटला. आपल्याच शेतावर मजूर म्हणून राबणारे लोक त्यातून निर्माण झाले. स्वातंत्र्यानंतर, १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कंपन्यांच्या जमिनी सरकारने घेतल्या, तरी त्या मूळ मालकांकडे न जाता शेती महामंडळाकडे गेल्या. खंडकऱ्यांच्या कुटुंबांचा जमीन परत मिळवण्याचा लढा मग एकविसाव्या शतकापर्यंत चालला. प्रवरेच्या कारखान्याचे मोल समजून घ्यावयाचे तर शेजारचे हे चित्र डोळ्यांपुढे हवे.

लोणी बुद्रुकचे विठ्ठलराव विखे पाटील (१८९७–१९८०) यांचे शिक्षण मराठी शाळेच्या पहिल्या काही इयत्तांपलीकडे गेले नव्हते. त्यांनी १९२३ साली गावात सहकारी पतपेढी काढली. कारखान्याचा इतिहास लिहिणारे या पतपेढीचा उल्लेख एका वाक्यात उरकतात. आमच्या मते अर्धा इतिहास तिच्यातच आहे. सावकाराच्या वहीबाहेर आपापसांत पैसे द्यावयाचे आणि ते वेळेवर परत करावयाचे, ही सवय गावाला तिथे लागली. यंत्रे परदेशातून आणता येतात, सवय आणता येत नाही. पुढे हा माणूस गावोगाव फिरून कारखान्याचे भाग घ्या म्हणून सांगू लागला, तेव्हा ऐकणाऱ्यांपाशी त्याच्या हिशेबाचा पंचवीस वर्षांचा अनुभव होता. तरीही संशय पुष्कळ होता. शेतकऱ्यांनी साखर कारखाना चालवावा ही कल्पना शहाण्यासुरत्या लोकांनाही हास्यास्पद वाटे, आणि कर्जबाजारी माणसाने न दिसणाऱ्या कारखान्यासाठी पदरचे पैसे काढावेत ही अपेक्षा काही लहान नव्हती.

दुसऱ्या बाजूने पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ या कामात आले. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे हे संचालक दख्खनच्या कालव्यांचे व बागायतदारांचे प्रश्न पुष्कळ आधीपासून अभ्यासत होते. मुंबई सरकारात अर्थ आणि सहकार ही खाती वैकुंठभाई मेहता यांच्याकडे होती; त्यांचा पाठिंबा मिळाला. सरकारने भाग घेतले, नव्यानेच स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिले. गाडगीळ अध्यक्ष झाले, विखे पाटील उपाध्यक्ष. १९५०-५१ च्या हंगामात पहिले गाळप झाले. प्राध्यापकाला पुढे करून आपण मागे राहणे हा विखे पाटलांचा विनय होता, तसेच ते शहाणपणही होते: कर्जाच्या दारात प्राध्यापकाचा शब्द चाले आणि बांधावर पाटलांचा.

या कारखान्यास ‘आशियातील पहिला’ म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात पडला आहे. आंध्रात विशाखापट्टणच्या बाजूस एटिकोप्पाक येथे १९३० च्या दशकातच सहकारी साखर कारखाना निघाला होता, म्हणून हे विशेषण जरा जपून वापरावे. प्रवरेचे थोरपण पहिलेपणावर अवलंबून नाही. ते तिथल्या घडणीत आहे. सभासद तोच, ऊस देणाराही तोच. जमीन त्याच्या नावावर राहिली आणि साखर सर्वांच्या मालकीची झाली. एकर कितीही असोत, मत एकच. उसाच्या दरातून प्रत्येकाचा थोडा अंश ठेव म्हणून कापून घेतला जाई आणि त्यातून कर्जफेड व पुढचा विस्तार होई. मालकाचा नफा म्हणून जो पैसा बाहेर गेला असता, तो शाळा, रस्ते, दवाखाना या रूपाने टापूतच राहिला. पंडित नेहरू १९६१ साली प्रवरानगरला येऊन गेले, तोवर हा नमुना महाराष्ट्रात इतरत्र उचलला गेला होता. त्यानंतर सहकारात जे राजकारण शिरले आणि एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या अध्यक्षपदे टिकू लागली, त्याविषयी वर्तमानपत्रे भरपूर लिहितात. येथे त्यात शिरत नाही.

परंतु एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. गाव एक झाले असे आपण म्हणतो तेव्हा त्या ‘गावा’त कोण धरलेले असतात? भाग घेण्यासाठी ऊस हवा, उसासाठी पाण्याखालची जमीन हवी. ज्याला जमीन नाही तो या सहकारात नव्हता. ऊस तोडावयास माणसे लागतात, आणि ती बीड व नगरच्या पाथर्डीसारख्या कोरड्या तालुक्यांतून आली, अजूनही येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि हंगामभर तोडून ती फेडावयाची. मुलेही बरोबर येतात आणि शाळा गावी राहते. त्यासाठी पुढे साखरशाळा निघाल्या, पण त्या सगळीकडे पोहोचल्या नाहीत. सावकाराच्या वहीतून ज्यांनी स्वतःला सोडवले, त्यांच्याच उसासाठी दुसऱ्यांची नावे मुकादमाच्या वहीत चढली.

गाडगीळ १९६७ मध्ये नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होऊन दिल्लीस आले. ते पद सोडून पुण्यास परतत असता मे १९७१ मध्ये आगगाडीतच त्यांचे निधन झाले. विखे पाटील पुढे नऊ वर्षे होते. प्रवरानगरचे गाळप आजही दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते. त्या आधी काही दिवस फडांच्या कडेने तोडणीवाल्यांच्या कोपी उभ्या राहू लागतात आणि उन्हाळा लागला की त्या मोडून माणसे परत जातात.